रिपोर्ट येण्याआधी

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. कोकणातला पहिला पावसाळा, बाह्यरुग्ण विभागात लागलेली तापाच्या रुग्णांची रांग आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात बाहेरच्या प्रयोगशाळेतून आधीच करून आणलेला विडालचा, म्हणजे टायफॉइडसाठीच्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट, हे तू केलेले वर्णन वाचून तुझी अडचण नेमकी समजली. रिपोर्ट पॉझिटिव्ह असला म्हणजे टायफॉइड मानायचा की नाही, एवढाच तुझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र औषधशास्त्रात कमी आणि आपण डॉक्टर मंडळी विचार कसा करतो यात जास्त सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या चाचणीबद्दल. विडाल १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये मोजते. ही प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्याच्या अखेरीस वाढू लागतात, त्यामुळे तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. उलट पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, लस, मलेरियासारखे दुसरे आजार यांमुळे ती टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह येते. हे तुला परीक्षेपुरते पाठ होतेच. पण समोर रिपोर्ट आला, त्यात आकड्याखाली लाल रेघ मारलेली दिसली आणि रुग्णाचा भाऊ ‘टायफॉइड निघाला ना, डॉक्टर?’ असे विचारू लागला, की पाठ केलेले ज्ञान मागे पडते आणि कागद पुढे होतो.

आता हिशेब मांडू. आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरतो आहे, ते तुझ्या रुग्णालयाचे नव्हेत. समज, तापाचे १००० रुग्ण आले आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर टायफॉइड आहे. चाचणी शंभर टायफॉइडवाल्यांतले ८० पकडते आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांतल्या २० जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे ५० पैकी ४० पकडले गेले आणि उरलेल्या ९५० पैकी १९० जण विनाकारण पॉझिटिव्ह ठरले. एकूण पॉझिटिव्ह २३०, त्यांत खरे ४०. तुझ्यासमोर पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन बसलेल्या सहा जणांपैकी साधारण एकालाच टायफॉइड आहे.

आता तीच चाचणी, तीच प्रयोगशाळा, पण रुग्ण निराळे घे. दहा दिवस चढत गेलेला ताप, जिभेवर साका, पोट फुगलेले, प्लीहा हाताला लागते आहे. अशा १००० रुग्णांत निम्म्यांना टायफॉइड आहे असे धर. आता ५०० पैकी ४०० खरे पॉझिटिव्ह आणि उरलेल्या ५०० पैकी १०० खोटे. पाचांतले चार खरे! चाचणी काडीनेही बदललेली नाही. बदलला तो रुग्ण. रिपोर्टचा अर्थ रिपोर्टात नसतो, तो उघडण्यापूर्वी तू रुग्णाविषयी काय ठरवले होतेस त्यावर तो अवलंबून असतो, आणि ते ठरवण्याचे काम कोणतीही प्रयोगशाळा तुझ्यासाठी करत नाही.

या जागी भलेभले अडखळतात. १९७८ साली हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना, ज्यांत अनुभवी डॉक्टरही होते आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही, एक प्रश्न घातला गेला: हजारांत एकाला होणारा आजार, निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह दाखवण्याचे प्रमाण पाच टक्के, तर पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला तो आजार असण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे दोन टक्के. ते फक्त ११ जणांना आले, आणि जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के असे सांगितले. ही बुद्धीची कमतरता नव्हे. आजार मुळात किती दुर्मीळ आहे ही माहिती मनाला फिकी वाटते आणि समोरचा ठसठशीत पुरावा सगळी जागा व्यापून टाकतो. गेर्ड गिगेरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिले, की तीच माहिती टक्क्यांऐवजी ‘हजार माणसांपैकी इतकी माणसे’ अशी मांडली तर बरोबर उत्तर देणाऱ्या डॉक्टरांची संख्या बरीच वाढते. म्हणून मी वर माणसे मोजली. तूही टक्केवारी दिसली की आधी तिची माणसे कर.

कोकणात याचे मोल जीवाएवढे आहे. जुलैमध्ये लावणीला उतरलेला, दिवसभर चिखलात पाय असलेला माणूस ताप घेऊन येतो. पोटऱ्या दाबल्या की कळवळतो, डोळे लाल असतात पण त्यांतून चिपडे येत नाहीत. त्याच्या खिशात पॉझिटिव्ह विडाल असेल तर ‘टायफॉइड’ हे नाव केसपेपरवर चढते, आणि एकदा चढले की पुढचा डॉक्टर, परिचारिका आणि खुद्द रुग्णही त्याच नावाने बोलू लागतात. ही लक्षणे लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, असू शकतात, पण त्याचा विचार कुणी करत नाही, तोवर मूत्रपिंडे बिघडून लघवी कमी होऊ लागलेली असते. निदान लिहिताना ‘ताप, कारण अनिश्चित; लेप्टो, मलेरिया, टायफॉइड पाहणे’ असे लिहायला संकोच करू नकोस. तो अडाणीपणा नाही, पुढच्या माणसाचे डोळे उघडे ठेवण्याची ती सोय आहे.

मात्र रुग्णाविषयीचा तो पहिला अंदाज ऐकण्यातून तयार होतो, आणि ऐकणे बिघडते ते आपल्याच प्रश्नांमुळे. ‘ताप थंडी वाजून येतो ना?’ असे विचारलेस की समोरचा माणूस डॉक्टरचा मान राखून ‘होय’ म्हणतो, आणि तुझ्या मनातलाच मलेरिया तुला परत मिळतो. ‘ताप कसा येतो, पहिल्या दिवसापासून सांगा’ असे म्हण आणि मधे बोलू नकोस. शेतात गेला होतात का, पाण्यात उभे होतात का, वाडीत आणखी कोण आजारी आहे, हे मग विचार. गेल्या आठवड्यात एखादा डेंग्यूचा रुग्ण दगावला असेल, तर पुढचे काही दिवस तुला प्रत्येक तापात डेंग्यू दिसेल, याचीही जाण ठेव. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच दाखवले होते, की जे चटकन आठवते ते आपल्याला वारंवार घडणारे वाटते.

रुग्णाला सांगण्याची भाषाही याच हिशेबाची असावी. १९८२ साली एका अमेरिकी अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची माहिती काहींना ‘इतके जगतात’ अशी आणि काहींना ‘इतके मरतात’ अशी दिली गेली. आकडे एकच होते, तरी मृत्यूच्या भाषेत ऐकणाऱ्यांचा शस्त्रक्रियेकडचा कल घटला, आणि डॉक्टरही त्याला अपवाद ठरले नाहीत. ब्रिटनमध्ये १९९५ साली काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ‘दुप्पट’ होतो असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात तो सात हजारांत एकावरून सात हजारांत दोनवर गेला होता. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या हजारोंनी वाढली. म्हणून ‘थोडासा टायफॉइड निघालाय’ असे कधीही म्हणू नकोस. त्या वाक्याने माणूस आयुष्यभर ‘मला दरवर्षी टायफॉइड होतो’ असे सांगत फिरतो आणि दर तापाला अँटिबायोटिक मागतो. त्याऐवजी म्हण: ‘काका, तुमच्यासारख्या सहा जणांचा असा रिपोर्ट आला तर त्यांतल्या एखाद्यालाच टायफॉइड असतो. म्हणून आज आणखी एक रक्त तपासतो, आणि ताप उतरला नाही तर परवा या.’ यात दोन मिनिटे जास्त जातात. रांग लांब असली तरी ती दे.

आता एक सवय आग्रहाने सुचवतो. चाचणीला पाठवण्यापूर्वी केसपेपरच्या कोपऱ्यात तुझा अंदाज आकड्यात लिही: ‘टायफॉइड, शंभरात १०’, ‘लेप्टो, शंभरात ४०’. पहिल्या आठवड्यातला रुग्ण असेल तर शक्य तिथे अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठव, कारण जंतू सापडण्याची संधी तेव्हाच सर्वांत चांगली असते. मात्र लेप्टोचा संशय दाट असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबवू नकोस. मग महिन्याच्या शेवटी ते कागद काढून बस आणि ज्यांना तू ‘शंभरात ४०’ लिहिले होतेस त्यांतल्या किती जणांना तो आजार खरेच निघाला ते मोज. बरेच रुग्ण पुन्हा फिरकणार नाहीत, तेव्हा गावच्या आरोग्यसेविका असलेल्या आशाताईंकडून त्यांची चौकशी करावी लागेल. त्यासाठी पहिल्याच भेटीत वाडीचे नाव आणि घरातल्या कुणाचा तरी मोबाइल क्रमांक लिहून घेत जा.

तुझा हितचिंतक