उन्हाळ्यात माझ्या गाई दिवसभर उभ्याच राहतात, दूधही घटलंय. आजारी असतील का?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही संकरित गाई खात-पीत आहेत, ताप दिसत नाही, तरी दुपारभर बसत नाहीत आणि दूध दोन लिटरनं उतरलंय. मी ग्वाल्हेरला, मुरारच्या बाहेर, सात गाई सांभाळते. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे तुमची काळजी मला चांगली कळते.

तुमच्या वर्णनावरून तरी हा आजार नाही, उकाड्याचा त्रास आहे. बसल्यावर गाईचं पोट जमिनीला टेकतं आणि तेवढ्या अंगाला वारा लागत नाही. उभी राहिली की सगळ्या बाजूंनी लागतो. एरवी गाय दिवसरात्र मिळून दहा-बारा तास बसते, रवंथही बरंचसं बसूनच करते. ते तास गेले की सगळा भार खुरांवर येतो. उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या गाई पावसाळ्यात लंगडतात, तेव्हा आपण फक्त चिखलाला दोष देतो.

आता एक काम करा. गाय सावलीत शांत उभी असताना तिच्या भकाळीकडे, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाकडे बघा. आत-बाहेर मिळून एक श्वास, असे अर्धा मिनिट मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या पुढे गेले तर तिला उकाडा सोसत नाहीये. ८०-९० च्या पुढे, तोंड उघडं, लाळेच्या तारा, जीभ बाहेर, असं असेल तर लगेच अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टरांना बोलवा. मात्र फक्त दुपारी मोजून थांबू नका. रात्री अकरालाही मोजा.

हे मला माझ्या चांदणी गाईनं शिकवलं. आमचा जुना गोठा दगडी पटियांच्या, म्हणजे लांब फरशांच्या, छताचा, दुपारी आत गार वाटायचा. म्हणून मी रात्रीही गाई आतच बांधायची. एका रात्री सहज मोजले तर चांदणीचे श्वास ७६! भिंतीला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी ऊब. दिवसभर अंगात साठलेली उष्णता गाय रात्रीच्या गारव्यात सोडते. रात्रच तापलेली असेल तर दुसरा दिवस कालच्या उष्णतेवरच सुरू होतो, आणि एक-दोन दिवसांनी दूध उतरतं. तेव्हापासून संध्याकाळची धार झाली की सगळ्यांना अंगणात मोकळं सोडते. आठवड्याच्या आत चांदणीचे रात्रीचे श्वास ४५ वर आले. पहाटे उठले तर सातही जणी बसलेल्या, आणि अंधारात फक्त रवंथाचा आवाज.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. मे महिन्यात आमच्याकडे लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, कोरडी असते. तेव्हा गाय कातडीपर्यंत भिजवायची आणि समोर फर्राटा पंखा, म्हणजे जोरात वारा देणारा मोठा पंखा, लावायचा. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. वाळली की पुन्हा भिजवायची. जुलैत उमस सुरू झाली तरी मी ओले गोणपाट चारी बाजूंना लटकवलेलेच ठेवले होते. आतली हवा दमट, कोंदट, आणि पारा ३५ असूनही गाई मे महिन्यापेक्षा जास्त धापा टाकत होत्या. गोणपाट काढून टाकले, वारा मोकळा केला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. तुमच्या गावची हवा कोरडी की दमट, त्यावर ठरवा.

वैरण पोटात आंबते तेव्हाही उष्णता निघते, म्हणून गाय स्वतःहूनच कमी खाते. भूसा, पेंड उन्हं उतरल्यावर आणि पहाटे घाला, दुपारी थोडी हिरवी वैरण पुरे. पाणी चोवीस तास समोर हवं, आणि टाकी सावलीत हवी. भर उन्हाळ्यात दुधाळ गाय दिवसाला १०० लिटरपर्यंत पिऊ शकते, पण उन्हात तापलेल्या काळ्या टाकीतलं पाणी तोंड लावून सोडून देते. याच दिवसांत माज मुका होतो, म्हणजे त्याची लक्षणं ठळक दिसत नाहीत, आणि बहुधा रात्रीच दिसतो. अंगणात रात्री फेरी मारलीत तर तोही हुकणार नाही. गीर, साहिवाल यांना हे सगळं बरंच कमी जाणवतं. तुमच्या संकरित आहेत, त्यांचा कस लागतो.

दोघींपैकी एखादी गाभण असून आटलेली असेल, तर आधी तिच्याकडे बघा. दूध देत नाही म्हणून आपण तिला पंख्यापासून लांब, उन्हाच्या बाजूला बांधतो. मीही एक उन्हाळा तसंच केलं. शेवटच्या दोन महिन्यांत तिला उकाडा लागला की पोटातलं वासरू लहान भरतं आणि पुढच्या वेताचं दूधही कमी येतं. आमचं त्या वर्षीचं वासरू इतकं हलकं होतं की मी एकटीनं ते उचलून आईजवळ ठेवलं. आता पंख्याखालची जागा आटलेल्या गाईची असते.