विचारा बेनला: पेन्सिल धरत नाही हो आमचा!

बेन (इथे ताईला बेनच म्हणतात) नमस्कार, आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. मुलगा 3 वर्षं 7 महिन्यांचा आहे, जूनपासून नर्सरीत घातलाय. रोज डायरीत होमवर्क येतो, स्टँडिंग लाईन म्हणजे उभ्या रेघा एक पान, स्लीपिंग लाईन म्हणजे आडव्या रेघा एक पान, आणि आता ए बी सी पण सुरू झालंय. हा पेन्सिल मुठीत धरतो, दोन रेघा मारतो, फेकून देतो आणि आजीच्या मागे जाऊन लपतो. शेवटी मीच त्याचा हात धरून पान भरते. टीचर म्हणतात मोटर स्किल, म्हणजे हाताबोटांचं वळण, वीक आहे. सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी स्वतःचं नाव लिहिते. थेरपी लावू का? सासूबाई म्हणतात काही नको, ह्यांनी पण पाचव्या वर्षीच पाटी धरली होती.
– एक आई

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

आता तुमचं बघू. हात धरून जे पान भरता ना, ते पहिलं बंद करा. ते पान तुमचं होतं, त्याचं नाही, आणि टीचरला वाटतं पोराला जमतंय म्हणून दुसऱ्या दिवशी दोन पानं येतात. अहो, मनगटात आठ बारकी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात आणि एकेक करत त्यांचं हाड बनतं, सहा-सात वर्षांनंतरही हे काम चालूच असतं. हाताला काय कधी जमतं त्याचा क्रम पण ठरलेला आहे, साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौथ्याच्या आसपास फुली, मग चौकोन, आणि त्रिकोण तर पाचव्या वर्षी. आता इंग्लिशचा मोठा ए बघा, त्यात तिरक्या रेघा आहेत, म्हणजे पाच वर्षांच्या हाताचं काम साडेतीनच्या हाताला दिलंय. मुठीत धरतो यात वीक काय आहे? या वयात काही मुलं अजून तशीच धरतात. शेजारची मुलगी लिहिते तर लिहू दे, एखादीचे दात पण लवकर येतात.

आणि घाई कसली म्हणते मी. गुजरातमध्ये 2023-24 पासून 1 जूनला 6 वर्षं पूर्ण असल्याशिवाय पहिलीत घेत नाहीत, म्हणजे तुमच्या हातात अजून जवळजवळ तीन वर्षं आहेत.

मग करायचं काय, तर हाताला काम द्यायचं. आत्ता पावसाळा आहे, मक्याची कणसं आणा आणि त्याला अंगठ्याने दाणे काढायला बसवा, पहिल्या दिवशी पाच निघतील, आठवड्याने अर्धं कणीस करेल. पोळ्या करताना कणकेचा गोळा द्या (काळा झाला तरी चालेल, तो खायचा नाहीये), दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढू-लावू द्या, ओलं फडकं पिळून पाट पुसू द्या. भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात बुडवून ठसे काढायला सांगा, मी शिकवायचे तेव्हा आमच्या वर्गात हे काढलं की वीस मिनिटं आवाज नसायचा. ताटात रवा पसरून बोटाने गिरवणं तर सगळ्यात छान, चुकलं की ताट हलवायचं, खोडरबर नाही की रडारड नाही. आणि हात बोटांपासून नाही हो, खांद्यापासून सुरू होतो, म्हणून रविवारी कमाटीबागेत नुसतं फिरवून आणू नका, लोंबकळू द्या, चढू द्या, मातीत खेळू द्या. भावनगरला बालशिक्षणात काम करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर काढलं, तिथे आपल्या ताराबाई मोडक पण होत्या, आणि मुलाने स्वतःच्या हाताने काम करायचं हाच तिथला पाया होता. शंभर वर्षं झाली आणि आपण अजून स्लीपिंग लाईनवर अडकलोय, जाऊ दे.

एक मात्र सांभाळा. डाळ, मणी, शेंगदाणे हातात दिले तर समोरून उठायचं नाही, फोन वाजला तरी. माझ्या वर्गात एकाने निवडता निवडता चण्याची डाळ नाकात घातली, आणि मी तेव्हा नवीन, चिमट्याने काढायला गेले तर ती आणखी आत गेली. ओलाव्याने डाळ फुगते, म्हणून पाणी घालायचं नाही, कोरायचं नाही, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. तिथे दोन मिनिटांत निघाली आणि तो पठ्ठ्या बाहेर येऊन परत डाळच मागत होता.

थेरपीचं म्हणाल तर, तो एक हात अजिबात वापरतच नसेल, चिमटीत मुरमुरा उचलता येत नसेल, सारखा पडत असेल, किंवा चार पूर्ण झाल्यावरही गोल जमत नसेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, उगाच वाट बघू नका. नाहीतर टीचरना डायरीत लिहा, "आज पान केलं नाही, अर्धं कणीस सोललं." वाचून हसतील, पण भेटायला बोलावतील, आणि तेव्हा निवांत बोला, त्यांच्यावर पण वरून प्रेशर असतं.

बेन, मी दांडिया बाजारात राहते, याच वर्षी बालवाडीत लागले. 24 मुलं आहेत, त्यातली सहा-सात रोज दारात रडतात. आया गुपचूप सटकतात आणि मग एक रडलं की सगळी रडतात. काय करू?

सटकणं बंद करा, बाकी हळूहळू होईल. आई पाठ फिरवली की गायब होते हे एकदा कळलं की मूल दिवसभर दाराकडेच बघत बसतं, खेळणार कसं? आईने सांगून जायचं, "नास्ता झाला, गाणी झाली की मी येते", एक पापी, आणि खरंच जायचं, दारात दहा मिनिटं डोळे पुसत उभं राहायचं नाही. या वयाला अकरा वाजता कळत नाही, नास्त्यानंतर कळतं. आणि बोलल्याप्रमाणे आलंच पाहिजे. पहिला आठवडा मुलांना तासाभरातच घरी सोडा, आईची ओढणी ठेवायची असेल तर ठेवू द्या. "गप्प बस, पोलीस येईल" हे मदतनीस मावशींना पण बोलू देऊ नका. रडणाऱ्याला मांडीवर घ्या नाहीतर काम द्या, माझ्याकडे कुंडीला पाणी घालायची ड्युटी रडणाऱ्यालाच असायची, मग न रडणारे पण रडायला लागले ते वेगळं!

शाळेतून सांगतात घरी इंग्लिशच बोला. आमच्या घरी मराठी, बाहेर गुजराती, मुलगी कन्फ्यूज होईल का? – कारेलीबाग

नाही होणार. ज्या भाषेत तुम्हाला लाडाने बोलता येतं, रागावता येतं, गोष्ट सांगता येते तीच घरी बोला, तोडक्यामोडक्या इंग्लिशपेक्षा भरपूर मराठी ऐकलेलं मूल पुढे इंग्लिश पण नीट शिकतं. तीन भाषांची खिचडी करेल काही दिवस, तेव्हा रागावू नका, तुम्ही फक्त तेच वाक्य नीट मराठीत म्हणा. "आई मला ऊंघ येतेय" (ऊंघ म्हणजे गुजरातीत झोप) म्हणाली तर हसू पण नका, आम्ही बडोदेकर साठीला आलो तरी तसंच बोलतो.