आपत्तीच्या वेळी नियंत्रण कक्षाने समाजमाध्यमांवरील माहितीवर कितपत विसंबावे?

आपत्तीच्या पहिल्या काही तासांत समाजमाध्यमांवर येणाऱ्या मदतीच्या हाका पाहून बचाव पथके थेट पाठवावीत का, असे आपण विचारले आहे. चौकशी कुठे करायची हे कळण्यासाठी त्या हाका फार उपयोगी पडतात, परंतु पथक हलवण्यापूर्वी दूरध्वनी, स्थानिक कर्मचारी किंवा पाणीपातळीची नोंद अशा दुसऱ्या मार्गाने दुजोरा मिळवावा, असे माझे मत आहे.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाल्यानंतर ४६३६ या क्रमांकावर आलेले लघुसंदेश परदेशस्थ हैतीयन स्वयंसेवकांनी क्रिओलमधून इंग्रजीत आणले आणि केनियात जन्मलेल्या उशाहिदी या प्रणालीच्या नकाशावर त्यांतील ठिकाणे दाखवली गेली. या प्रयोगाबद्दल बोलताना बहुतेक जण नकाशाचे कौतुक करतात. मला मात्र ती भाषा आणि तिथले गल्लीबोळ जाणणारी माणसे अधिक मोलाची वाटतात, कारण 'शाळेच्या मागे अडकलो आहोत' या संदेशातली शाळा कोणती, हे संगणकापेक्षा त्यांनाच लवकर उमगते.

असे संदेश तपासण्याचे काम मी काही काळ केले आहे. शंभर जणांनी पुढे पाठवलेल्या मजकुरामागे बहुधा एकच साक्षीदार असतो, कधी तोही नसतो, आणि माणसाची सुटका झाल्यावरही त्याची हाक फिरतच राहते. म्हणून मूळ संदेश कोणाचा व केव्हाचा, हे आम्ही सर्वांत आधी पाहत असू. २०१२ मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या इमारतीत तीन फूट पाणी शिरल्याची ट्विटरवरची थाप दूरचित्रवाणीवरही सांगितली गेली होती.

याहून अवघड प्रश्न न आलेल्या संदेशांचा आहे. जिथे वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे कोसळले, तिथून काहीच येत नाही, आणि नकाशावर तो भाग सुरक्षित असल्यासारखा मोकळा दिसतो. एरवी संदेश येणारा भाग अचानक गप्प झाला, तर तिथे आधी माणूस पाठवावा.

कक्षाने स्वतः द्यायच्या माहितीचीही तयारी हवी. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईत क्षेपणास्त्र हल्ल्याचा चुकीचा इशारा गेला आणि मोबाइलवर त्याची दुरुस्ती पोहोचायला ३८ मिनिटे लागली. आपल्या ट्विटर खात्याचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नव्हता, असे तिथल्या गव्हर्नरांनी नंतर कबूल केले. तेव्हा प्रत्येक पाळीत खाते कोण उघडू शकतो आणि वरिष्ठांची वाट न पाहता दुरुस्ती कोण प्रसिद्ध करू शकतो, हे आजच लेखी ठरवून घ्यावे.