जनुक असणं आणि जनुक चालणं : वाचकांचे प्रश्न

ब्रह्मपुरीहून एक बी.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारते : पुस्तकात जिवाणूंचा लॅक ओपेरॉन, म्हणजे एकाच स्विचनं चालू-बंद होणारा जनुकांचा गट दिलाय. माणसाच्या पेशीतही जनुकं तशीच चालू-बंद होतात का?

नाही, आपल्याकडे पायऱ्या कितीतरी जास्त. आपल्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. त्यासाठी तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळतात. एका रिळावर साधारण १४७ अक्षरजोड्या. घट्ट गुंडाळलेला भाग वाचताच येत नाही. रीळ सैल झालं की वाचणारी यंत्रणा जनुकाच्या तोंडाशी, म्हणजे प्रमोटरवर बसते. पण जोर येतो तो एन्हान्सर नावाच्या डीएनएच्या तुकड्याकडून आणि तो हजारो, कधी लाखो अक्षरं दूर असू शकतो. शेतातली मोटर आठव. स्टार्टर मोटरीजवळ असतो, वीज येते दूरच्या डीपीवरून. यकृताच्या पेशीत एक डीपी चालू, त्वचेच्या पेशीत दुसरी; म्हणून डीएनए तोच असूनही पेशी वेगळ्या.

एवढ्यावर संपत नाही. जनुकाची नक्कल म्हणून तयार झालेल्या आरएनएची काटछाट होते आणि सूक्ष्म आरएनए त्याला गप्पही करू शकतात. या सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

काटोलचे एक बागायतदार : अंबियाचा संत्रा आतून गोड, पण साल हिरवीच. का?

हरितद्रव्य मोडणाऱ्या आणि केशरी रंग घडवणाऱ्या एन्झाइमांची जनुकं सालीत गार रात्रींनी जोर धरतात. रात्री उबदार राहिल्या की ती मंदावतात. गोडीचा हिशेब वेगळा आहे.

आर्वीचे एक शेतकरी : बीटी पऱ्हाटी लावूनही बोंडात गुलाबी अळी निघते. जनुक तर प्रत्येक झाडात आहे ना?

भाऊ, अळीसाठी विष घडवणारं बीटीचं जनुक आहे, पण सगळीकडे सारखं चालत नाही. त्याला फुलकोबीच्या एका विषाणूचा प्रमोटर जोडलेला आहे. सतत चालू राहील असा समजला जाणारा स्टार्टर. तरीही नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की क्राय१एसी हे विष पानांत जास्त, तर बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजांडकोशात सगळ्यांत कमी असतं आणि झाडाचं वय वाढेल तसं घटत जातं. गुलाबी अळीची जागा नेमकी तीच.

संकरित वाणामुळे आणखी एक गोष्ट होते. बोंडातल्या सरक्या पुढच्या पिढीच्या असतात, त्यामुळे एका जनुकापुरतं बोललं तर दर चारांतल्या सुमारे एका सरकीत ते नसतंच. शिवाय अळीनंही आता प्रतिकारशक्ती कमावली आहे. २०१७च्या हंगामात गुलाबी अळीनं केलेलं नुकसान आपण विसरलेलो नाही. म्हणून फरदड (वेचणीनंतर पीक राखून पुन्हा घेतलेला कापूस) घेऊ नका, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) तोडून नष्ट करा, कामगंध सापळे लावा.

कुरखेड्याच्या एक आई : मुलीला सिकलसेल आहे, डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध दिलंय. पहिले काही महिने ठणठणीत होती, मग दुखणं सुरू झालं. दोष जन्मापासूनचा, तर तेव्हा त्रास का नाही?

ताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाचा दोष. पोटातलं बाळ वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, त्याचं जनुक निर्दोष असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जनुक बंद होत जातं आणि मोठ्यांचं बीटा जनुक जोर धरतं. सिकलसेलची चूक त्या बीटा जनुकात आहे, अवघ्या एका अक्षराची.

बाळपणीच्या जनुकाला गप्प बसवण्यात बीसीएल-११ए या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. हायड्रॉक्सीयुरिया बऱ्याच रुग्णांत ते बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी ते दिलंय. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका आणि रक्ततपासणी चुकवू नका. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत एका जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. त्यात बीसीएल-११एचं जनुक तोडत नाहीत. रक्तपेशी घडताना त्याला जोर देणाऱ्या एन्हान्सरवर, म्हणजे फक्त त्या डीपीवर, काप देतात. बाकीच्या पेशींत ते प्रथिन पूर्ववत राहतं. उपचार अतोनात महाग आहे आणि आधी तीव्र केमोथेरपी लागते. गडचिरोलीच्या लेकरांपर्यंत तो पोचावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तोवर मुलीला पाणी भरपूर द्या, थंडीत ऊब द्या. ताप आला, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि तिच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या.