तत्त्वज्ञान, दर्शन आणि अडगळीत पडलेली आन्वीक्षिकी

प्रश्न असा आहे : ‘तत्त्वज्ञान’ आणि ‘दर्शन’ यांपैकी योग्य शब्द कोणता, आणि हा विषय शिकून हाती काय लागते?

आधी लेखन. तत् + त्व = तत्त्व, म्हणून त दोनदा. मूळ शब्दाच्या शेवटी त् असेल तरच हे होते : महत्त्व, सत्त्व. व्यक्तित्व आणि नेतृत्व यांत तो नाही, म्हणून तिथे एकच त. ‘तत्वज्ञान’ ही चूक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही दिसते.

शब्द दोन्ही योग्य आहेत. विशिष्ट प्रणालीला दर्शन म्हणावे (जैन दर्शन, सांख्यदर्शन) आणि विषयाला तत्त्वज्ञान. खरी चीड येते ती ‘तत्त्वज्ञान झाडू नकोस’ आणि ‘आमच्या कंपनीचे तत्त्वज्ञान’ या प्रयोगांची. पहिल्या ठिकाणी उपदेश म्हणायचे असते, दुसऱ्या ठिकाणी धोरण. उपदेश ऐकून घ्यायचा असतो. तत्त्वज्ञान ऐकलेले तपासायला लावते.

याचा पुरावा तत्त्वज्ञानासाठीच्या एका जुन्या, सुंदर शब्दात आहे : आन्वीक्षिकी. अनु म्हणजे मागाहून, ईक्ष् म्हणजे पाहणे. परीक्षा, समीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण ही सगळी याच ईक्ष् धातूची लेकरे मराठीत रोज वावरतात; अन्वीक्षा तेवढी हरवली. न्यायसूत्रांवरच्या न्यायभाष्यात वात्स्यायन तिची फोड करतो : प्रत्यक्षाने आणि आगमाने जे एकदा पाहिले, ते पुन्हा पाहणे म्हणजे अन्वीक्षा. डोळ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रात वाचलेले, दोन्ही पुन्हा तपासायचे!

कौटिल्याने चार विद्यांत तिला पहिले स्थान दिले. त्रयी (तीन वेद), वार्ता (शेती, पशुपालन, व्यापार) आणि दंडनीती (राज्यकारभार) नंतर. मानव म्हणजे मनूचा संप्रदाय तिला त्रयीचाच एक भाग मानत असे, ते त्याने नाकारले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे : आन्वीक्षिकी उरलेल्या तिन्ही विद्यांचे बलाबल कारणे देऊन तपासते, संकटात आणि उत्कर्षात बुद्धी स्थिर ठेवते, विचार, वाणी आणि कृती यांत नैपुण्य देते.

अमरकोशाने आन्वीक्षिकीचा अर्थ ‘तर्कविद्या’ दिला आणि पुढचे कित्येक कोशकार तोच उतरवून घेत आले. मला तो मुळीच मान्य नाही. कौटिल्य आन्वीक्षिकीत सांख्य, योग आणि लोकायत (चार्वाकांचे जडवादी मत) मोजतो. सांख्याची प्रकृती (जगाचे मूळ द्रव्य) आणि लोकायताचा परलोकाला नकार निव्वळ तर्कविद्येत कसे बसवणार? याउलट पाउल हाकर या जर्मन अभ्यासकाने आन्वीक्षिकी म्हणजे केवळ तपासणीची पद्धत, तत्त्वज्ञान नव्हे, असे मांडले. पण पद्धतीला तत्त्वज्ञानातून वगळल्यावर मागे मतांची यादी उरते, आणि यादी पाठ करणाऱ्याला कोणी तत्त्वज्ञ म्हणत नाही.

न्यायदर्शनाचा कर्ता गौतम (बुद्ध नव्हे) याच्या पहिल्याच न्यायसूत्रात ‘तत्त्वज्ञान’ शब्द आहे, आणि ते कशाचे? सोळा पदार्थांचे, म्हणजे विचारविषयांचे. त्यांत संशय, दृष्टांत, तर्क, निर्णय, हेत्वाभास (वरवर खरे वाटणारे सदोष कारण), छल (समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवणे) हे आहेत. म्हणजे संशय ओळखता येणे हाही तत्त्वज्ञानाचा भाग.

वापरून पाहा. ‘हे औषध निर्धोक आहे, कारण ते नैसर्गिक आहे.’ ‘औषध निर्धोक आहे’ ही प्रतिज्ञा, निर्धोक असणे हे साध्य (सिद्ध करायची गोष्ट), नैसर्गिक असणे हा हेतू (दिलेले कारण). आता हेतू आहे पण साध्य नाही अशी जागा शोधा. धोतरा नैसर्गिक आणि विषारी आहे. हेतू दोन्हीकडे फिरतो, म्हणून हा सव्यभिचार हेत्वाभास. औषध घातक आहे असे यातून सिद्ध होत नाही. दिलेले कारण पुरत नाही, एवढेच. बहुतेकांची गाडी उदाहरणापाशी अडते : तुळस आठवली की ते थांबतात, धोतरा शोधत नाहीत. दुसरे वाक्य : ‘ही प्रथा योग्य, कारण ती शास्त्रशुद्ध आहे.’ इथे शास्त्रशुद्धता हीच आधी सिद्ध करायला हवी, म्हणून हा साध्यसम.

जाता जाता ‘वितंडवाद’. गौतमाकडे वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा नुसता मोडणे ती वितंडा. वाद आणि वितंडा तिथे वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचा समास करू नये. नुसते ‘वितंडा’ म्हणा.