बारावीनंतर उपयोजित गणितात पदवी घ्यावी का? त्यात नेमकं काय शिकवतात?

जरूर घ्या, पण बारावीला गणितात मार्क चांगले पडले एवढ्यावर ठरवू नका. तिथे उत्तर नेमकं निघतं, इथे बहुतेक समीकरणांचं तसं निघतच नाही. कपातला चहा कसा गार होतो, हे समीकरण हातानं सुटतं. जमिनीखालच्या पाण्याचा प्रवाह किंवा साथीचा फैलाव मांडायला गेलं की मात्र संगणकाकडून जवळपासचं उत्तर काढावं लागतं, आणि त्यात चूक किती राहिली हेही सांगावं लागतं. असं उत्तर छोट्या-छोट्या पायऱ्यांनी पुढे सरकत काढतात. त्यातल्या ऑयलरच्या साध्या पद्धतीत पायरी निम्मी केली की चूक साधारण निम्मी होते. त्याहून अचूक अशा चौथ्या क्रमाच्या रुंग-कुट्टा पद्धतीत ती जवळपास सोळाव्या हिश्शावर येते! हे पायथॉनमध्ये स्वतः चालवून पाहिलं, त्या दिवसापासून मी या विषयाच्या प्रेमात आहे.

आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत पदवी नुसती ‘बीएस्सी गणित’ असते. म्हणून नावापेक्षा अभ्यासक्रम वाचा. लिनियर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, संभाव्यता, न्यूमरिकल मेथड्स (जवळपासचं उत्तर काढायच्या पद्धती) आणि प्रोग्रामिंग हे सगळं हवंच. शेवटचे दोन नसतील तर स्वतः शिका. सिद्धता लिहायचा कंटाळा करू नका, पहिल्या वर्षी तिथेच बरेच जण अडखळतात. पुढे आयआयटीतून एमएस्सी करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा असते, तिची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करा.