प्रश्न तुमचे : जुन्या क्रूझर सायकली, क्रोम आणि गंज

या वेळच्या पत्रांत जुन्या अमेरिकी क्रूझर सायकलींचे प्रश्न इतके होते, की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. श्विन कंपनीने १९३३ मध्ये सायकलींना २६ × २.१२५ मापाचे जाड ‘बलून’ टायर लावले आणि बाकीचे कारखाने त्याच वाटेने गेले. मोटारसायकलसारखी खोटी टाकी, फुगीर मडगार्ड आणि जागोजागी क्रोम हा थाट पन्नासच्या दशकाच्या अखेरपर्यंत टिकला. खालची उत्तरं त्याच काळातल्या सायकलींसाठी आहेत.

प्रश्न : मडगार्ड आणि हँडलवर गंजाचे तपकिरी ठिपके आहेत. कोणी ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासायला सांगतं, कोणी तारेच्या काथ्याने, कोणी आम्लात बुडवायला. नेमकं काय करू?

उत्तर : क्रोमवर दिसणारा गंज क्रोमचा नसतो, तो खालच्या लोखंडाचा असतो. दिखाऊ मुलाम्यात क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खरं संरक्षण करतो त्याच्या खालचा निकेलचा थर, तो कित्येक पट जाड असतो. या थरांना बारीक छिद्रं पडली की ओल लोखंडापर्यंत पोचते आणि गंज त्या छिद्रातून वर येऊन पसरतो. म्हणजे तुम्हाला दिसणारा डाग छिद्रापेक्षा बराच मोठा असतो. घासल्यावर पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा चांगला निघतो तो यामुळेच.

आधी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन ग्रीस काढा. मग फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. घासताना राखाडी चिखल तयार होतो, तो पॉलिशचं काम करतो, म्हणून लगेच पुसू नका. हट्टी ठिपक्यांना सगळ्यात बारीक, म्हणजे ‘०००० नंबर’चा स्टील वूल (तारेचा काथ्या) थेंबभर तेलासोबत चालतो. पितळी किंवा काशाचा वूल मिळाला तर तोच घ्या. स्टील वूलचे बारीक तुकडे भेगांत अडकतात आणि पुढे स्वतःच गंजतात. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश मात्र क्रोमजवळ आणू नका.

फॉइलने भागलं नाही तरच ऑक्झॅलिक आम्ल. एक लिटर कोमट पाण्यात २५ ग्रॅम पावडर पुरते. प्लॅस्टिकचं टब, रबरी हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवी. पावडर विषारी आहे, तिची धूळ नाकात जाऊ देऊ नका. दर दोन-तीन तासांनी भाग काढून बघा. उगाच जास्त वेळ ठेवला तर वर पिवळट-हिरवट थर बसतो आणि तो काढणं ही नवी डोकेदुखी होते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्याने धुवा, लगेच पूर्ण वाळवा आणि मेण लावा. मेण लावायचं राहून गेलं तर छिद्रं पुन्हा ओल धरतात आणि महिनाभरात तुम्ही परत पहिल्या जागी येता.

ॲल्युमिनियमचे भाग, रंगवलेले भाग आणि कॅडमियम किंवा जस्ताचा मुलामा असलेले नट-बोल्ट यात टाकू नका. कॅडमियमचा मुलामा आम्ल खाऊन टाकतं. शिवाय कॅडमियम विषारी असतं, तेव्हा असे बोल्ट कोरडे घासणं किंवा तापवणंही टाळा. फरशीसाठी मिळणारं हायड्रोक्लोरिक आम्ल तर कधीच नको, ते गंजाबरोबर क्रोमही विरघळवतं. स्प्रिंगर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या स्प्रिंगवाल्या चिमट्याच्या) स्प्रिंगा कोणत्याही जोरकस आम्लात ठेवू नका. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, पोलाद ठिसूळ होतं आणि स्प्रिंग नंतर केव्हातरी भाराखाली तुटते.

घासल्यावर पिवळसर झाक दिसली तर क्रोम संपून निकेल उघडं पडलंय. तिथे थांबा. खोल खड्डे कुठल्याच पॉलिशने भरत नाहीत.

प्रश्न : मग सरळ नव्याने क्रोम करून घेतलं तर?

उत्तर : करता येतं. पण मुलामा देण्याआधी जुना थर काढून लोखंड घासून गुळगुळीत करावं लागतं आणि त्यात धातू जातो. पातळ पत्र्याच्या मडगार्डला भोकं पडतात, भागांवर ठोकलेली कंपनीची अक्षरं पुसट होतात, कडा गोलावतात. श्विनच्या दुहेरी भिंतीच्या रिमच्या पोकळीत प्लेटिंगचं द्रव अडकलं तर आरे बसवल्यानंतरही ते झिरपत राहतं. स्प्रिंगा द्यायच्याच असतील तर मुलामा दिल्यावर लगेच सुमारे १९० अंश सेल्सिअसला काही तास भाजायला सांगा. वर सांगितलेला हायड्रोजन त्याने बाहेर पडतो. कारागिराला ही गोष्ट ठाऊक नसेल तर स्प्रिंगा परत आणा.

आमचं मत विचाराल तर मूळ क्रोम सत्तर टक्के शाबूत असेल तर नवा मुलामा देऊ नये. एक भाग आरशासारखा झाला की शेजारचे सगळे म्हातारे दिसायला लागतात.

प्रश्न : रिमवर २६ इंच लिहिलंय. २६ × १.७५ चे नवे टायर आणले, पण ते रिमवर ढिले बसतात की घट्ट हेच कळेना. तार चढतच नाही. टायर सदोष आहे का?

उत्तर : टायरमध्ये दोष नाही. तुमची रिम बहुधा श्विनच्या मिडलवेट (बलूनपेक्षा बारीक टायरच्या) सायकलीची, ‘एस-७’ छापाची आहे. तिला २६ × १ ३/४ टायर लागतो. गणितात १ ३/४ आणि १.७५ एकच आहेत, सायकलीत नाहीत. अपूर्णांकातल्या टायरचा बसण्याचा व्यास ५७१ मिलिमीटर आणि दशांशातल्या टायरचा ५५९. बारा मिलिमीटरचा फरक पान्याने ओढूनताणून भरत नाही. जोर केला तर टायरची तार तुटते. बलून टायरच्या जुन्या रिमा ५५९च्या असतात, त्यांना आजचे २६ × २.१२५ टायर नीट बसतात.

खरेदी करताना इंच बघूच नका. टायरच्या बाजूला बारीक आकड्यांत ‘४७-५७१’ किंवा ‘५४-५५९’ असं काही छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळला पाहिजे.

प्रश्न : क्रँक उघडत नाही. डाव्या बाजूच्या नटवर पाइप लावून जोर दिला तरी तसूभर हलला नाही.

उत्तर : जोर उलट्या दिशेने लागतोय. या सायकलींत दोन्ही हात आणि मधला दांडा मिळून एकच अखंड क्रँक असते आणि तिच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. डावं पॅडलही उलट्या आट्याचंच.

चेन उतरवा. डावं पॅडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून काढा. मग मोठा लॉकनट, तोही त्याच दिशेने. त्यामागची खाचेची वॉशर, मग कोन (छर्‍यांना टेकणारा निमुळता नट), तोही तसाच उलटा सुटतो. आता छर्‍यांचा पिंजरा निघेल आणि अख्खी क्रँक तिरकी करत उजवीकडून बाहेर काढता येईल. जाम असेल तर आदल्या रात्री आट्यांवर गंज सैल करणारं तेल सोडून ठेवा.

बसवताना पिंजऱ्याची सपाट बंद बाजू बाहेर आणि छर्रे कपाकडे, म्हणजे ते ज्या वाटीत फिरतात तिच्याकडे. उलटा बसवला तरी क्रँक फिरते, पण खरखरत फिरते आणि काही दिवसांत कप खाते. नवा कोन घेणार असाल तर आधी आटे मोजा : श्विनच्या क्रँकवर इंचाला २८ आटे असतात, इतरांच्या बऱ्याच क्रँकवर २४. पॅडलसुद्धा अर्ध्या इंचाचेच लागतात. आजच्या तीन तुकड्यांच्या क्रँकचे ९/१६ इंची पॅडल यात जाणार नाहीत.

प्रश्न : उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक आहे, बेंडिक्सचा. ब्रेक लागतो, पण पुढे पॅडल मारताना मधेच घसरतं आणि गुडघा हँडलवर आपटतो.

उत्तर : हबच्या आत एक स्क्रू असतो आणि त्याच्यावर सरकणारा क्लच. पुढे पॅडल मारलं की क्लच उजवीकडे ओढला जाऊन हबच्या कवचाला धरतो, उलटं मारलं की डावीकडे सरकून ब्रेकचे शू फाकवतो. सरकण्यासाठी क्लचला थोडा अडसर हवा, नाहीतर तो स्क्रूबरोबर नुसताच गोल फिरेल. तो अडसर एक छोटी स्प्रिंग देते. ती सैल झाली किंवा ग्रीस वाळून मेणासारखं झालं की पॅडल घसरतं. बहुतेक वेळा दोष वाळलेल्या ग्रीसचाच असतो.

हब उघडा, सगळं रॉकेलमध्ये धुवा, स्प्रिंग क्लचला हलकेच धरते का ते बोटाने फिरवून बघा. क्लचचा बाहेरचा तिरपा भाग गुळगुळीत होऊन चकाकत असेल तर तो बदलावा लागेल. स्क्रूवर पातळ ग्रीस, छर्‍यांना आणि ब्रेकच्या शूला उष्णता सोसणारं ग्रीस. घट्ट ग्रीस भरभरून घालू नका, त्याने पुन्हा तेच होईल. कोन इतपतच आवळा की रिमच्या टोकाला केसभर हालचाल जाणवेल. चेनला मध्यावर अर्धा इंच ढील ठेवा.

एक गोष्ट राहते ती नेहमी हीच : ब्रेकचा हात, म्हणजे हबला जोडलेला दांडा, पट्टीने फ्रेमला बोल्ट झालाच पाहिजे. तो मोकळा राहिला तर पहिल्या जोरदार ब्रेकला हात गरकन फिरतो आणि ब्रेक हातचा जातो.

न्यू डिपार्चरच्या ‘मॉडेल डी’ हबमध्ये शूऐवजी चकत्यांची चळत असते. त्यांना ग्रीस नको, तेल हवं.

प्रश्न : टाकी रंगवून घेतली आणि तेव्हापासून हॉर्न वाजत नाही. आधी घरघरत का होईना, वाजायचा.

उत्तर : रंगानेच घात केला. या टाक्यांत विजेची परतीची वाट वेगळ्या तारेने नसते, टाकीच्या पत्र्यातूनच असते. हॉर्नचा पाय आणि सेलची पट्टी जिथे पत्र्याला टेकतात तिथला नाण्याएवढा रंग खरवडून लखलखीत धातू उघडा करा. तरीही आवाज नाही आला तर हॉर्नच्या आतले दोन संपर्कबिंदू बारीक पॉलिश पेपरने एकदा पुसा आणि मागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सूर लावा.

आत जुन्या सेलची पांढरी पूड असेल तर सेल कोणता होता ते बघा. जुने झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळती करतात, त्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी. अल्कलाइन सेलची गळती उलट स्वभावाची, त्यावर व्हिनेगर.

प्रश्न : ‘१९५० ची अस्सल श्विन ब्लॅक फँटम’ विकत मिळते आहे. फसवणूक कशी ओळखावी?

उत्तर : नंबर कुठे आहे ते आधी बघा, काय आहे ते नंतर. फँटम १९४९ ते १९५९ या काळात निघाली. १९५२ च्या आधीच्या श्विन फ्रेमवर नंबर खाली, क्रँकच्या नळीवर असतो. त्यानंतर १९७० पर्यंत तो मागच्या चाकाच्या डाव्या खाचेजवळ, आणि पुढे हेड ट्यूबवर (हँडलखालच्या पुढच्या नळीवर). म्हणजे ‘१९५०’ च्या सायकलीचा नंबर मागच्या खाचेजवळ असेल तर फ्रेम नंतरची आहे, विक्रेता काहीही सांगो. नंबर पडला ती तारीख आणि सायकल जुळवली ती तारीख यांत काही आठवड्यांचं अंतर असू शकतं, त्यावरून वाद घालू नका.

श्विनने १९९५ मध्ये शताब्दीनिमित्त ब्लॅक फँटम पुन्हा काढली. त्या आवृत्तीचे भाग जुन्या फ्रेमवर चढवलेले दिसतात. जुन्या फ्रेमवर सगळंच क्रोम सारखंच चकचकीत असेल तर संशय घ्या. सत्तर वर्षं एकत्र काढलेले भाग एकसारखे म्हातारे झालेले असतात.

हेड बॅज (त्या पुढच्या नळीवरचा नावाचा बिल्ला) सैल करून मागे जास्तीची भोकं बुजवली आहेत का बघा. मात्र बॅजवर ‘बी. एफ. गुडरिच’ असेल म्हणून नाक मुरडू नका, श्विनच्या कारखान्यातल्या कितीतरी सायकली त्या नावाने विकल्या गेल्या.

प्रश्न : एका युद्धपूर्व वाटणाऱ्या सायकलीचे हँडल, हब, क्रँक सगळे काळ्या रंगाचे आहेत. रंग काढला तर खाली क्रोम सापडेल का?

उत्तर : रंग काढू नका! १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने युद्धासाठी क्रोम आणि निकेलवर बंधनं आणली आणि साध्या, बिनझगमगाटी ‘व्हिक्टरी’ सायकली बनू लागल्या. तो काळा रंगच मूळ असू शकतो आणि संग्राहक मुद्दाम असे भाग शोधतात. एखाद्या झाकलेल्या जागी, बॅजमागे किंवा क्लॅम्पखाली, नखाएवढा कोपरा खरवडून बघा. खाली थेट लोखंड लागलं तर तो कारखान्याचाच रंग असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : सीटचा दांडा श्विनमध्ये डुगडुगतो की अडकतो ते मापाशिवाय कसं कळणार?

उत्तर : नाहीच कळणार. श्विनच्या बहुतेक क्रूझरना १३/१६ इंचाचा दांडा लागतो, इतरांच्या बऱ्याच सायकलींना ७/८. हँडलच्या स्टेमचंही तसंच : जुन्या अमेरिकी फोर्कला २१.१ मिलिमीटरचा, आजचा सर्रास मिळणारा २२.२ चा. तो ठोकून बसवला तर फोर्कची नळी चिरते.